बांगडी फिरते का?

आमच्या लॅबमधल्या मोठ्या बाई गरोदर बाईचं नाव विचारण्याआधी तिच्या हातातली बांगडी फिरवून बघत. सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका जनाना दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली होते. बांगडी मनगटात रुतलेली दिसली की बाकीचे नमुने बाजूला सारून त्या आधी तिच्या रक्तातलं युरिक ॲसिड तपासत. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके आले की मायलेकरं दोघंही हातची जात. नळीतला निळा रंग गडद झाला, म्हणजे ॲसिड वाढलं, की ती वेळ जवळ आली, असं बाई धरून चालत.

मग रिपोर्ट ट्रेमध्ये न टाकता, निऱ्या खोचून त्या स्वतः जिना चढत. डॉक्टर चिडवत. "कागदाले पाय नसतात, डॉक्टरसाहेब," बाई म्हणत, "मले आहेत."

माझ्या सातव्या महिन्यात सासरी डोहाळेजेवण झालं. हिरवा चुडा भरला. चेहरा कसा भरलाय म्हणून सगळ्या कौतुक करत होत्या. दुसऱ्या दिवशी मी तोऱ्यातच लॅबमध्ये शिरले. बाईंनी हात धरला. बांगडी हलेना.

त्यांनी माझं रक्त तीनदा तपासलं. तिन्ही वेळा नळी तशीच गडद.

"चुकलं असेल ना, बाई?"

"चुकलं असतं तर मीच पेढे वाटले असते वं."

"काही औषध?"

"पोर बाहेर काढणं, हेच औषध आहे याले."

मनगट सुजतच होतं. त्यांनी रुमाल गुंडाळून माझा चुडा फोडला. "पाप मले लागू दे," म्हणाल्या, आणि मला धरून वर नेलं.

मुलगी दीड दिवस जगली. मी बाईंना नको नको ते बोलले. तुमच्या नळीने माझी पोर खाल्ली, असंही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "खापा गावाले माह्या पोरीच्या डोहाळेजेवणात मीच म्हटलं होतं, चेहरा कसा भरला वं. तिचं रक्त काढाले सुचलंच नाही मले. आठ दिवसांत दोघंही गेले."

त्यानंतर आम्ही कामापुरतंच बोलत राहिलो. बाईंच्या निवृत्तीच्या दिवशी निरोप घेताना सवयीने त्यांचा हात माझ्या मनगटाकडे आला. तिथे बांगडी नव्हती. त्या दिवसानंतर मी भरलीच नव्हती. रिकामं मनगट धरून बाई तशाच उभ्या राहिल्या.

"मले माफ कर वं," त्या म्हणाल्या.

मी जगले ती त्यांच्यामुळे. तरी माफी त्यांनी मागितली, आणि मी ती मागू दिली.