एकशे आठ सेकंदांची देवी

चहाचा घोट आधी गिळा, मग ऐका. मी तीन आठवडे देवी होते.

हो, देवी! मांजलपुरात, सोसायटीच्या पहिल्या मजल्यावर. आणि एरवी कोण? शाळेत विज्ञान शिकवणारी बाई!

मला सोरायसिस आहे. कोपरं, गुडघे, पोटऱ्या, सगळीकडे लाल चट्टे आणि त्यांवर पांढरे खवले. बारा वर्षं मी ते लपवले. बडोद्याच्या मे महिन्यात मनगटापर्यंत बाह्या! कुणी विचारलं तर म्हणायचं, "मला पंख्याचा वारा बाधतो." आमच्या सासरी संस्थानी नोकरीपासूनची शिस्त आहे, घरातलं दुखणं उंबऱ्याबाहेर जायचं नाही. खरं तर शिस्त कसली, लाज वाटायची.

यंदा डॉक्टरीणबाईंनी घरी प्रकाशोपचार घ्यायला सांगितला. माणसाच्या उंचीचं यंत्र, त्यात अतिनील किरणांच्या नळ्या. आठवड्यातून तीनदा त्यापुढे उभं राहायचं, तेही सेकंद मोजून. सेकंद त्या सांगतील तेवढेच वाढवायचे, नाहीतर कातडी भाजते.

आमचे हे गोरव्याला कारखान्यात माल तपासतात. यंत्राला टायमर आहे, पण यांचा टायमरवर विश्वास कुठला? दाराबाहेर उभं राहून मोठ्यांदा आकडे म्हणणार.

म्हणजे संध्याकाळी सातला दृश्य असं. मी परकर छातीशी बांधून गुडघ्यांच्या वर खोचलेला, डोळ्यांना काळा चष्मा, तोंडावर ओढणी, दोन्ही हात वर. समोर निळा-जांभळा उजेड. बाहेरून यांचा संथ, गंभीर आवाज. आणि खिडकीचा पडदा पातळ! सेकंद वाढत वाढत नेमके एकशे आठवर येऊन थांबले. नवरात्र तोंडावर आलेलं. आता तुम्हीच सांगा, समोरच्या इमारतीतल्या माणसाने काय समजावं?

समोर जागृतीबेन राहतात. बारा वर्षांचा शेजार, त्यामुळे त्यांचं गुजराती आणि आमचं मराठी एकमेकांत पार मिसळून गेलंय. एक दिवस त्या वाटीभर सुखडी, म्हणजे आपली गूळपापडी, घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "शुभाबेन, साचुं कहेजो, खरं सांगा. तुमच्या अंगात माताजी येतात ने?"

"कोण म्हणालं?"

"हुं जोऊं छुं ने! रोज बघते, उजेड दिसतो. भाई एकशे आठ वेळा जाप करतात."

एका वाक्यात खुलासा झाला असता. पण त्या वाक्यात 'सोरायसिस' आला असता. मी काय केलं? मान खाली घातली आणि मंद हसले.

झालं! दुसऱ्या दिवशी दाराशी नारळ. तिसऱ्या दिवशी जिन्यात एक सूनबाई पाया पडली. नवरात्रात सोसायटीच्या आरतीचं ताट पहिलं माझ्या हातात! हे चिडले.

"शुभा, अगं सांगून टाक सरळ."

"काय सांगू? माझ्या अंगाचा कोंडा गळतो म्हणून?"

"मग बस देवी होऊन!"

आणि मी बसले. खोटं कशाला बोलू, थोडं आवडलंही. बारा वर्षं मी माणसांपासून अंग चोरत होते, आणि आता माणसं आपणहून माझा हात कपाळाला लावत होती.

दसऱ्यानंतर जागृतीबेन पुन्हा आल्या. सोबत त्यांची कॉलेजात जाणारी किंजल. त्यांनी लेकीची बाही वर सारली. तेच चट्टे. तेच खवले.

"दवाखाना बंद केला," जागृतीबेन म्हणाल्या. "मलम फेंकी दीधुं. आता तुम्हीच हात फिरवा."

किंजल जमिनीकडे बघत होती. बाही खाली ओढायची तिची घाई मला पाठ होती. मला रडू आलं. माझ्या एका हसण्यापायी या पोरीचं औषध बंद झालं होतं.

दोघींना हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. यंत्रावरची चादर काढली, चष्मा दाखवला, डॉक्टरीणबाईंचा कागद दाखवला. मग साडी गुडघ्यांच्या वर घेतली आणि उरलेले फिकट चट्टे दाखवले.

"ही देवी," म्हटलं, "विजेवर चालते. किंजल, हे कुणाला लागत नाही. उद्याच्या उद्या डॉक्टरीणबाईंकडे जा, मी येते बरोबर. तुला हा उजेड चालेल का, किती सेकंद, ते त्याच ठरवतील. आणि मला माफ कर, बेटा."

किंजलने माझा गुडघा बोटाने हळूच चाचपला. "सेम टू सेम," म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

मग मी जागृतीबेनकडे वळले. मी हात जोडले. "चुकलं माझं. पण बारा वर्षं लपवलेलं एकदम सांगायचं कसं?"

"लपवलेलं?" त्या चक्रावल्याच. "अरे, बाल्कनीत कपडे वाळत घालताना तुमच्या बाह्या वर जातात ने! आख्खी सोसायटी बारा वर्षं बघते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कोई बोलतुं नथी. या वर्षी उजेड दिसला आणि डाग गेले, म्हणून तर आम्ही माताजी समजलो!"

म्हणजे बघा, निरीक्षण त्यांनी केलं, नोंद त्यांनी ठेवली, अनुमानही त्यांनीच काढलं. आपण झाकलं की जगाला दिसत नाही, ही अंधश्रद्धा तेवढी विज्ञानाच्या बाईंची!