बापूचं बंद तोंड

घोडेगावच्या बैलबाजारात माझ्यासारखा दगडी तोंडाचा दलाल झाला नाही. माझ्या मनातलं समोरच्याला काडीचं कळायचं नाही! आता खरं सांगतो. पहिल्याच सौद्यात मी फिदीफिदी हसलो, आणि बैल दुसऱ्याच दलालानं नेला.

माळावरून चालून आलं की धोतराला कुसळं चिकटतात, तसे हे किस्से मला चिकटलेत. एक उपटायला जावं तर त्याच्यामागं चार निघतात. माझी शाळा चौथीतच सुटली, त्यामुळं ओळीनं मांडायला जमायचं नाही. हाताला लागेल ते काढतो.

* * *

ज्यांनी बैलबाजार बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात भाव तोंडानं होत नसे. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबून बोलायचं. तोंड मात्र असं ठेवायचं, जसा काही माणूस एस.टी.ची वाट बघत उभा आहे. बैल आवडला असं दिसलं की मालक चढला. नावडला असं दिसलं की मालक रुसला!

माझ्या पहिल्या सौद्यात समोरच्याचं नख तळहातावरून फिरलं. मला जन्माच्या गुदगुल्या! मी जो हसत सुटलो, तो बैलसुद्धा मान वळवून बघायला लागला.

आमचे गुरू म्हणजे नाना. साठीचे, झुपकेदार मिशांचे, बाजारातले सगळ्यांत जुने दलाल. ते म्हणाले, "दाम्या, तुजं तोंड म्हंजी उघडं दार हाय. कुत्रं बी आत शिरंल!"

* * *

नानांच्या तोंडावर मी उभ्या जन्मात काही बघितलं नव्हतं. म्हणून एकदा त्यांच्या पानात लवंगी मिरची घातली. एक नाही, तीन!

नाना सौद्यात होते. पान गालात धरलं, चावलं. मी घोंगडीच्या आडून बघतोय. कपाळाला आठी नाही, डोळ्याला पाणी नाही. रुमालाखाली बोटं चालूच. सौदा झाला, बैलाच्या पाठीवर थाप मारली, मग सावकाश माझ्याकडं आले.

"दाम्या, पान ब्येस हुतं. चुना तेवडा कमी पडला."

त्यानंतर त्यांचं पान लावताना मी चुना दोनदा बघून घ्यायचो.

* * *

बाहत्तरच्या दुष्काळात बाजार बघवत नव्हता. चारा नाही, पाणी नाही, जो तो बैल घेऊन उभा. पाथर्डीकडचा एक म्हातारा आला होता. सौदा झाला, आणि कासरा सोडायच्या वेळी त्यानं बैलाच्या गळ्यात हात टाकला तो चौघांनी ओढलं तरी सोडीचना. हुंदके देत होता आणि टोपीनं तोंड झाकत होता.

मी चेष्टा करायला तोंड उघडलं होतं. नानांनी नुसतं बघितलं, मी मिटलं.

घेणाऱ्याला नाना म्हणाले, "जरा चा पिऊन या. ह्यांचं रडून हुंद्या." मग म्हाताऱ्याला सावलीत बसवलं.

म्हातारा म्हणाला, "नाना, लोक बघत्यात."

"बघू द्या की! तोंड मिटून ठिवायचं ते आमी दलालांनी. आमचं प्वाट हाय त्याच्यावर. तुमाला कुनी सांगितलंय?"

म्हातारा मग पोटभर रडला. अगदी लहान पोरासारखा, आवाज काढून. रडून झाल्यावर त्यानं तोंड धुतलं, स्वतःच्या हातानं बैलाच्या कपाळाला कुंकू लावलं, कासरा दिला आणि सरळ चालत गेला. मघाशी चार माणसांना जो ओढता येत नव्हता, तो हाच का, असं वाटलं!

मी नानांना विचारलं, "त्याचं बघून मला बी रडू फुटलं. तुमच्या डोळ्याला कसं पानी आलं न्हाई?"

"आलं हुतं," नाना म्हणाले. "तुला दिसलं न्हाई, एवडंच."

* * *

आता बापू. आमच्यातला सगळ्यांत गुणी दलाल. तिशी उलटलेली, पण लग्न जमेना. बापूला घर हवं होतं, बायको हवी होती. दुसरं मागणं नव्हतं. पण मुलीकडचे म्हणायचे, "दलालाच्या जिभेचा भरवसा काय?" बापू बिचारा जिथं जाईल तिथं पहिल्या भेटीतच "मला पसंत हाय" म्हणून मोकळा व्हायचा, आणि आठ दिवसांनी नकार यायचा.

पहिल्या नकाराला दोन दिवस घोंगडी पांघरून पडला. दुसऱ्याला मुलीच्या चुलत्याशी भांडून आला. तिसऱ्याला एका गरीब बैलावरच ओरडायला लागला. मी म्हणालो, "बापू, त्यो बैल मुलीच्या नात्यातला हाय का रं?"

नानांनी त्याला दंडाला धरून दावणीशी नेलं.

"ह्या बैलाला सकाळधरनं चौगांनी नाकारलंय. काय करतोय त्यो?"

बापू म्हणाला, "रवंथ."

"रुसलाय?"

"न्हाई."

"भांडतोय?"

"न्हाई."

"मग शिक!"

बापूनं शिकवण इतकी मनावर घेतली, की नकार आला की तो शेरभर भाजक्या शेंगा घ्यायचा आणि दावणीशेजारी बसून सावकाश चावायचा. सगळा बाजार ओळखायला लागला. बापू शेंगा खाताना दिसला की लोक विचारायचे, "ह्या वेळंला कंच्या गावाचा?"

सहाव्या नकारापर्यंत नुसता शेंगवालाच खुशीत होता!

* * *

सातवा नकार चिठ्ठीनं आला. एस.टी.च्या ड्रायव्हरनं ती भर सौद्यात बापूच्या हातात दिली. त्या सौद्यात बापू मालकाच्या बाजूनं, मी गिऱ्हाइकाच्या. बापूनं चिठ्ठी वाचली, घडी केली, टोपीत खोचली आणि रुमाल टाकला.

तोंडावर काही म्हणजे काही नाही! मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या, नानांच्या वर गेलास.

रुमालाखाली त्यानं माझी पाची बोटं धरली. धरली ती सोडीना. भाव नाही, काही नाही, नुसता धरून उभा.

गिऱ्हाईक मला म्हणालं, "काय म्हनतोय?"

मी म्हणालो, "इचार करतोय अजून."

बऱ्याच वेळानं त्यानं बोटं सोडली, नीट भाव केला, सौदा तडीस नेला. त्या दिवशी त्यानं शेंगाही घेतल्या नाहीत.

* * *

पुढल्या साली पाऊस बरा झाला. पारनेरकडच्या एका गावात स्थळ निघालं. मुलीचं नाव हौसा. नाना आणि मी वडीलधारे म्हणून बरोबर गेलो. वडीलधारा आणि मी! हसा खुशाल.

हौसा चहा घेऊन आली. सावळी, ताठ मानेची. बापूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, त्या मला शेजारून दिसल्या. पण तोंड? तोंड बाजारातलं! त्यानं बादलीकडं बघितलं, आढ्याकडं बघितलं, अंगणातल्या कोंबडीकडं बघितलं. हौसाकडं एकदाच, तेही परक्याच्या दावणीवरून जाता जाता बघावं तसं.

तिच्या वडलांनी विचारलं, "मग, कसं वाटतंय पाव्हनं?"

बापू म्हणाला, "बघू सवडीनं."

वडील उठलेच. "आमची पोर बाजारात हुबी न्हाई. या आता!"

वेशीबाहेर आल्यावर बापू म्हणाला, "नाना, मला लई पसंत हाय वो."

नानांनी कपाळावर हात मारला. "आरं, मग थितं का न्हाई बोललास?"

"सात येळा बोललो हुतो," बापू म्हणाला. "सात येळा दावलं, सात येळा न्हाई म्हनले. औंदा दावलंच न्हाई. म्हंजी न्हाई म्हनले तरी कुनाला कळनार न्हाई, मला किती लागलं ते."

नाना बांधावर मट्‌कन बसले. मिरचीनं जे झालं नव्हतं ते मी तेव्हा बघितलं. त्यांचं सगळं तोंड हललं, मिशांसकट.

"बाप्या," ते म्हणाले, "मी तुला बैलाचा धडा दिला, आन् तू बैलच झालास रं! ऊठ. म्हागारी चल."

परत गेलो. वडील दारातच आडवे उभे. मी पुढं झालो. जिभेला धार लावून म्हणालो, "पाव्हनं, चूक आमची. ह्या पोराच्या तोंडावर काय दिसत न्हाई, पर आत निस्तं सोनं हाय सोनं!"

वडलांच्या मागून हौसा म्हणाली, "मामा, आमच्या म्हशीच्या तोंडावर बी काय दिसत न्हाई. पर भूक लागली की वरडती तरी!"

मी टोपी सारखी करत नानांच्या मागं जाऊन उभा राहिलो. सगळ्या बाजारानं मिळून इतकी वर्षं जे केलं नव्हतं, ते तिनं एका वाक्यात केलं.

बापूनं टोपी काढली. त्याची हनुवटी थरथरत होती, आणि त्यानं ती लपवली नाही.

"मला सात घरांनी न्हाई म्हनलंय," तो तिला म्हणाला. "मला भ्या वाटतं. तुमी मला पसंत हायसा. तुमी न्हाई म्हनला, तर मी हितंच रडंन, सगळ्यांम्होरं."

मी कधी न घेतलेलं देवाचं नाव घेतलं. हौसा उंबऱ्याबाहेर आली आणि त्याच्या समोर उभी राहिली. डोळे शांत, ओठ मिटलेले, भुवईसुद्धा हलत नव्हती. मी वाचायचा प्रयत्न केला, नानांनी केला. त्यापेक्षा विहिरीचा तळ दिसणं परवडलं!

"झालं बोलून?" ती म्हणाली.

"व्हय."

"मग आता माज्या तोंडाकडं बगा. दलाल ना तुमी? काय दिसतंय, सांगा."

बापूनं काय वाचलं ते तोच जाणे, पण त्या दिवसापासून शेंगवाल्याचं एक गिऱ्हाईक कायमचं तुटलं.