भरलेला पेला

आमच्या कोल्हापुरात दूध कट्ट्यावर म्हशीची धार काढून तिथंच पेला हातात देतात. डिप्रेशनच्या डॉक्टरांनी "रोज माणसांत जात जा" असं बजावल्यापासून मी संध्याकाळी तिथं जातो, भिंतीला टेकून दूध पितो आणि मुका परत येतो.

तिथं रोज येणारा एकजण मात्र लांबूनच ओरडत यायचा. "काय पैलवान, म्हातारी बरी हाय न्हवं?" कुणाच्या पाठीत थाप घालायचा, कुणाच्या म्हशीचं कौतुक करायचा. हातातला पेला तसाच भरलेला ठेवून तासभर गप्पा हाणायचा. माझा नुसता जळफळाट व्हायचा. सगळी माणसं ह्यालाच का?

परवा तो माझ्याच डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर दिसला. मान खाली घातलेली. मला बघून जरा सरकला.

"बसा पावणं. मीबी ह्येंच्याच गोळ्या खातोय."

"मग कट्ट्यावर एवढं हसतासा कसं?"

"घरातनं निघताना लई जड जातंय. पण पेला हातात आसला की थांबायला कारण हुतंय. मला दूध पचत न्हाय की. जाताना कुणालातरी पाजतोय."

हेवा कमी व्हायला हवा होता, उलट वाढलाच. लेकाचा आजारातसुद्धा माझ्यापुढं!

काल मी पेला घेतला आणि प्यायलो नाही, नुसता धरून उभा राहिलो. शेजारचा म्हणाला, "पावणं, दूध निवलं की!"

"निवू दे की," मी म्हणालो.

कट्ट्यावर कुणाशी बोललेलं ते माझं पहिलं वाक्य.