वळणावर तुटणारा फोन

कणकवलीच्या ऑफिसात मला घेतलं, कारण मी इंग्लिश मीडियमची. साहेबांचा हिशोब सोपा होता: ही मॅन्युअलं वाचील, स्लाइड करील आणि बोलणार नाही. तिन्ही खरं निघालं. मोबाईल टॉवरच्या सिग्नलची मापं घेणारी आणि टॉवरची सेटिंगं लावणारी आमची छोटी कंत्राटी कंपनी. मागच्या सीटवर चाचणीचे फोन आणि मी, पुढे ड्रायव्हरशेजारी साहेब, एसीचं तोंड स्वतःकडे फिरवून.

त्या दिवशी आम्ही एका तक्रारीसाठी विजयदुर्गच्या बाजूला निघालो होतो. तिथे खाडीकाठच्या टेकडीमागे एक काकी घरातच पाहुणे ठेवते. तिच्याकडे उतरणारी पायवाट नवख्याला सापडत नाही, म्हणून पाहुणे वळणावर येऊन तिला फोन लावतात. बोलत बोलत दोन पावलं उतरले की फोन तुटतो. पुन्हा लागायला वेळ जातो, तोवर ते वैतागून जेटीवरच्या हॉटेलात शिरलेले असतात.

"ह्यो सीझन असोच गेलो तर मी घराक कुलूप लावून झिलाकडे मुंबयक जातंय," मुंबईतल्या मुलाचं नाव काढून तिने मला फोनवर सांगितलं होतं. "आणि मुंबयत माजा काय आसा गो? झिलाचो सोफो."

गावातल्या टॉवरपाशी गावकऱ्यांनी नारळ तयार ठेवला होता. आमच्याकडे कुठलंही काम देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. म्हातारे गावकर डोळे मिटून म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ही मंडळी टावर तपासूक इली हत, तेंका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. साहेबांचा आवाज सर्वांत मोठा. हेड ऑफिसच्या मीटिंगमध्येही ते एवढंच बोलतात, फक्त इंग्रजीत. मग त्यांनी नारळासकट स्वतःचा फोटो काढून घेतला.

बिघाड टॉवरमध्ये नव्हताच. हल्लीचा फोन एकाच वेळी दोन-तीन कॅरिअरवरून, म्हणजे वेगवेगळ्या लहरींवरून, डेटा ओढतो. शेजारचा टॉवर कसा ऐकू येतो हे मापायला त्याला मधूनमधून हातातलं काम क्षणभर थांबवावं लागतं. कधी थांबायचं ते नेटवर्क ठरवतं. थांबला की वेग जरासा घटतो, आणि साहेबांना वेगाचा आलेख प्रिय. म्हणून त्यांनी लावून दिलं होतं की सिग्नल पार मरायला टेकला तरच फोनने शेजारी बघायचं. वळणावर खाडीपलीकडच्या टॉवरचा सिग्नल पाण्यावरून खणखणीत येतो. फोन त्यालाच धरून बसतो. दोन पावलांत टेकडी आड येते, आणि गावातला टॉवर मापायला वेळच उरत नाही. एका कॅरिअरला थांबवून बाकीच्यांवर काम चालू ठेवता येतं, असं मॅन्युअलात लिहिलं होतं. मी ते साहेबांना मेल केलं होतं. त्यांनी अंगठा पाठवला होता.

मापं त्यांनी जेटीवर घेतली, गाडी उभी करून, काच वर ठेवून. "फुल्ल आहे! लोकांना तक्रारीची सवयच लागलीय."

जेवण काकीकडेच सांगितलं होतं. वळणावर गाडी थांबवून साहेब फोन कानाला लावून चार पावलं उतरले. "हॅलो, काकी, आम्ही वळणावर... हॅलो? हॅलो?" ते परत वर आले. "कापला तिने. मॅनर्स नाहीत या लोकांना. चला, जेटीवर जाऊ."

ज्या बिघाडासाठी आलो होतो तो त्यांच्या कानात घडला होता, आणि त्यांना त्यात बाईचा स्वभाव दिसला.

मी दार उघडून चाचणीचे फोन घेतले आणि उतरले.

"गो, खंय चाललंस?" ड्रायव्हरने विचारलं. "तोंडान सांगूक काय पैसे पडतत?"

"मापं घ्यायला," मी म्हटलं.

"अगो, बोललंस गो!" तो हसला. गाडी गेली.

खाली उतरता उतरता मी साहेबांना चाचणीच्या एका फोनवरून कॉल लावला. ते "हां, बोल" म्हणाले, मी "सर, ही मापं तक्रारीला जोडू..." म्हणाले, आणि तुटला. मापं त्याच फोनने नीट लिहून घेतली होती: पलीकडचा टॉवर शेवटपर्यंत धरलेला, गावातल्याचं एकही माप नाही.

काकी दारात उभी होती. केळीच्या पानांनी झाकलेली ताटं पडवीत मांडलेली. "बाकीचे खंय?"

"जेटीवर."

काकी तळलेली सुरमई माझ्या पानात एकावर एक वाढत राहिली.

साहेबांनी हॉटेलातूनच तक्रार बंद करायचा अर्ज पाठवला होता. मी काकीच्या पडवीतून मापं त्या तक्रारीला जोडून टाकली. जोडलेलं माप वाचल्याशिवाय हेड ऑफिसला तक्रार बंद करता येत नाही. सोमवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मला विचारायची पद्धत नाही?"

"विचारायला फोन केला होता, सर. वळणावरून."

त्यांनी बराच वेळ पेन शोधलं.

थोड्याच दिवसांत हेड ऑफिसने फोनने शेजारचा टॉवर कधी मापायचा याचं वेळापत्रक बदलायला लावलं. साहेबांनी तो बदल आपल्या दूरदृष्टीच्या स्लाइडवर टाकला. स्लाइड मीच केली. गावकर म्हणतात, गाऱ्हाणं पावलं. परवा काकीचा फोन आला, मागे भांड्यांचा आवाज: "गो, पुण्याचे पावणे वळणापासून दारापर्यंत माज्याशी बोलत इले. निस्ते बडबडे. आता ठेव, माका मासे तळूचे आसत."