भारंगी नक्की ना?

लोकांकडे ऑफिसातले प्रमोशनचे किस्से असतात, आमच्या डब्याच्या टेबलावर भारंगीचे साठलेत. टेबलावर तिघंच: विठ्ठलवाडीची स्नेहा, रिटायरमेंटला आलेले कुलकर्णी सर आणि मी, डोंबिवलीची, जन्माची घाबरट!

*

भारंगी म्हणजे रानातलं झुडूप, कोवळ्या पानांची भाजी करतात. स्नेहानं पहिल्यांदा आणली तेव्हा मी आधी तिलाच दोन घास खायला लावले आणि घड्याळ बघत बसले.

सर म्हणाले, "अगं, लंच टाइम संपला. आता मेलो तरी उपाशीच!"

*

मग मी झाडं ओळखणारं ॲप घेतलं आणि शिजलेल्या भाजीचाच फोटो काढला. उत्तर आलं: शेवाळ!

*

माजिवड्याला रानभाज्या विकणाऱ्या आजींना मी तिसऱ्यांदा विचारलं, "नक्की भारंगीच ना?" त्यांनी एक पान तोंडात टाकलं. "बघ धा मिनटां. मी मेली तर नको घेव!"

मी खरंच उभी राहिले. शेवटी आजीच म्हणाल्या, "जा गो बाय आता, मना पन भ्या वाटतंय!"

*

घरी ती पानं मी भीतीनं चारदा उकळली, चारदा पाणी फेकलं. नवरा ताटात बघून म्हणाला, "ही भाजी आहे की भाजीची आठवण?"

*

सगळे इतके चिडवायला लागले, की यंदा ठरवलं, घाबरायचं नाही! मलंगगडाच्या रस्त्याला गेलेलो, तिथून स्वतः पानं तोडली. "मी ओळखलीय, कुणाला न विचारता!" म्हणत डबा उघडला.

सरांनी एक घास खाल्ला, डबा स्वतःकडे ओढला आणि सगळा संपवला. "अहो सर, आम्हाला तरी ठेवा!" स्नेहा चिडलीच.

संध्याकाळी मी तिला उरलेल्या फांदीचा फोटो पाठवला. लगेच फोन. "अगं, पान चोळून वास घेतलास का? ही घाणेरी आहे, विषारी!"

सर फोन उचलेनात. सहा वेळा लावला. सातव्यांदा आवाज आला, "दवाखान्यात आहे. उलट्या झाल्या, आता बरंय."

मला रडूच फुटलं. "सर, ती भारंगी नव्हती!"

"पहिल्याच घासाला कळलं."

"मग संपवलीत कशाला?"

"अगं, तू पहिल्यांदाच न घाबरता काहीतरी केलेलंस!"