हात लावायची रेल्वे

वयाच्या सातव्या वर्षी मी काकांवर डूख धरला. तो अजून सुटलेला नाही, आणि सोडायची मला घाईही नाही.

तेव्हा आम्ही उमरेडला राहायचो. पोळ्याला एसटीनं नागपूरला काकांकडे यायचं, दुसऱ्या दिवशी तिथेच तान्हा पोळा करायचा आणि मग परतायचं, हे दरवर्षीचं. तान्ह्या पोळ्याला आम्ही पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून दोरीनं ओढत घरोघर न्यायचो आणि घराघरांतून बोजारा मिळायचा, म्हणजे खाऊ नाहीतर एखादं नाणं. पण काकांकडे खाऊपेक्षा मोठी गोष्ट होती. त्यांच्या बैठकीतल्या काचेच्या शोकेसमध्ये एक खेळण्यातली रेल्वे होती. काळं इंजिन, तीन लाल डबे आणि गोल रूळ. वर्षातून एकदा, त्याच दिवशी, काका ती बाहेर काढून चालवायचे आणि गल्लीतल्या पोरांनी भिंतीला टेकून, हात मागे बांधून बघायचं. पोरांच्या खेळण्याला काचेत कोंडणारा माणूस कसा असतो, ते मला तिथेच कळलं.

त्या वर्षी इंजिन माझ्या पायाजवळून वळलं आणि मी बोट लावलं. एकच बोट. गाडी कलंडली. काकांनी माझ्या हातावर फटका मारला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “उमरेडची पोट्टी! कधी काही पायलं असन तं ना! पाहाले हाय थे, खेळाले नाही. हात मांगं घे.” मग सगळ्यांना बोजारा वाटला. मला नाही. मी बैल काखेत धरून शेवटपर्यंत रांगेत उभी होते.

यंदा माझी मुलगी चार वर्षांची झाली आणि तिला पहिली रेल्वे आणायची ठरली. खरं सांगते, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मुलगी नव्हती, काका होते. मला त्यांच्यापेक्षा मोठी गाडी हवी होती. दिवे लागणारी, शिट्टी मारणारी, पाहून त्यांचं तोंड एवढंसं होईल अशी.

नागपुरात बर्डीवरच्या खेळण्यांच्या दुकानात मी नेमकं तसंच खोकं उचललं. दुकानदारानं विचारलं, “पोरगी कितीची हाय?”

“सात,” मी बेधडक सांगितलं.

“चार!” मुलीनं चार बोटं नाचवली.

दुकानदार हसला. “ताई, हे मोठ्या पोराइचं हाय. हिले नाही जमणार. पायजा तुम्ही.” त्यानं ते खोकं उघडून रूळ जमिनीवर मांडले. मुलगी बसली. ती बारीक चाकं त्या बारीक रुळांवर काही केल्या बसेनात. तीनदा इंजिन आडवं झालं. चौथ्यांदा तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग हात मांडीवर ठेवून दिले.

मला ते बघवेना.

मग त्यानं लाकडी सेट काढला. जाड रूळ, मुठीत मावणारं इंजिन, लोहचुंबकानं एकमेकांना चिकटणारे डबे. गिळायला बारीकसारीक काही नाही, सेल नाही, दिवा नाही. “सुरुवातीले फक्त गोल घ्या,” तो म्हणाला, “पूल अन् फाटे मंग जोडता येतात.” मुलीनं एक डबा उलटा लावला, तो पळून गेला. तिनं तो खिदळत फिरवला आणि चिकटवला. अर्धा तास ती उठली नाही. हीच घ्यायची, मी ठरवलं. आमची गाडी कधीच काचेत जाणार नाही. तिला कोणीही हात लावावा. फक्त काका सोडून.

सूडाचा बेत मी सोडला नव्हता, उलट तो आता नेमका झाला होता. काकांनी हात पुढे केला की त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवायचं. पोळ्या लाटताना, स्कूटीवरून ऑफिसला जाताना मी ते घोकत होते.

तान्ह्या पोळ्याला आम्ही मनीषनगरला गेलो. काका आता तिथे फ्लॅटमध्ये एकटेच असतात. शोकेस सोबत आलेला आहे, आणि आत ती रेल्वेही आहे, अजून नवी कोरी. आमच्या चार वर्षांच्या बाईसाहेबांनी लाकडी बैलाच्या शेपटीला सुतळीनं रेल्वेचे डबे बांधले होते आणि सगळी वरात खडखडत दारात नेली.

“अरे वा! बैलाले रेल्वे जुपली का वं?” काका खूश झाले. त्यांनी तिला चॉकलेट दिलं. मलाही एक दिलं. त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं, आणि त्याचा मला आणखीच संताप आला.

मुलीनं बैठकीत रूळ मांडले. काका खुर्चीला धरून हळूहळू खाली बसले. इंजिन समोरून गेलं आणि त्यांनी हात पुढे केला.

“काका, हात नका लावू,” मी म्हणाले. स्वच्छ, खणखणीत. “पाहाले हाय थे, खेळाले नाही.”

काकांनी इंजिन उचललं, उलटून चाकं पाहिली, पुन्हा रुळावर ठेवलं आणि तोंडानं शिट्टी वाजवत ढकलू लागले. त्यांचं कानाचं यंत्र टीव्हीजवळ पडलेलं मला तेव्हा दिसलं. त्यांना एक शब्दही ऐकू आला नव्हता.

मुलीला आला होता. ती उठून भिंतीला टेकली होती, दोन्ही हात मागे घेऊन.

मी तिला जवळ ओढलं, म्हणाले, अगं तुला नाही, तुला नाही म्हटलं. तिनं मान हलवली आणि तिथूनच बघत राहिली. काकांचे चांगले दहा-बारा फेरे झाले.

परत येताना ती स्कूटीवर माझ्यापुढे उभी होती, रेल्वेची पिशवी पोटाशी धरून. सिग्नलला थांबलो तेव्हा तिनं मान मागे वळवून विचारलं, “आई, घरी गेल्यावर मी हात लावू?”