सहावा द्रोण

आमच्या तामसी मंडलात, म्हणजे तेलंगणातला तालुकाच म्हणा, कोणतीच गोष्ट वेळेवर होत नाही आणि याचं मनापासून दुःख होणारा माणूस आजवर एकच जन्माला आला, तो म्हणजे माझे धाकटे दीर. बाकी आम्ही सगळे सुखी आहोत. आदिलाबादची बस उशिरा आली तर आम्ही झाडाखाली बसून एकमेकींच्या सुनांची चौकशी करतो. भाऊजी मात्र बसमध्ये चढताचढता ड्रायव्हरला उशिराचं कारण विचारतात, आणि तो जे सांगेल ते ऐकून मान हलवतात, "हे कारण नाही बापू, हा परिणाम हाये." ड्रायव्हर तेलुगू, त्याला यातलं काही कळत नाही. पण कोणी मोठा साहेब असावा असं समजून तो भाऊजींना पुढची सीट देतो.

सरकारी बांधकामांवर देखरेख करण्यात त्यांची हयात गेली. शाळेच्या खोल्या, नाल्यावरचे पूल, पाण्याच्या टाक्या, सगळं उशिरा. केस पिकले, मुली नांदायला गेल्या, आणि मग एक दिवस जेवताजेवता त्यांनी जाहीर केलं, की मी आता बांधकाम व्यवस्थापनात एम. टेक. करणार. माझ्या जावेची भाकर तव्यावरच करपली. "नातू शाळेत जाऊन राह्यला, अन् आता तुमी पन?" ती म्हणाली. भाऊजींनी शांतपणे वरण वाढून घेतलं. "मंग बरं हाये ना. संगंच अभ्यास करू."

खरं सांगते, त्या दिवसापासून आमच्या घरात नुसता स्वयंपाक झाला नाही, त्याचं नियोजन झालं. भिंतीवर रंगीत पट्ट्यांचा मोठा तक्ता लागला. भाताची पट्टी लाल, वरणाची पिवळी, भाकरीची निळी. कोणतं काम कोणासाठी अडतं हे बाणाने दाखवलेलं. एकदा भाऊजी घड्याळ हातात धरून दारात उभे. "वयनी, वरन शिजते तवर भाकरी काऊन नाही होऊन राह्यल्या? दोनी कामं संगंच चालली पायजे." मी म्हटलं, "भाऊजी, शेगडीची एक बाजू बंद हाये. ती दुरुस्त करून आणनार होते तुमीच." त्यांनी जरा विचार केला आणि तक्त्याखाली सुबक अक्षरात लिहिलं, 'साधनसामग्रीची टंचाई.' शेगडी तशीच राहिली.

आणि गंमत ऐका. अशा माणसाचं स्वतःचं घर म्हणजे नुसतं जोतं. आमच्या जुन्या घरामागे दगडाचं सुंदर, सरळ, ओळंब्यातलं जोतं, आणि त्याच्यावर काही नाही. आमच्याकडे जोत्यावर आधी दाराची चौकट उभी करतात, तिची पूजा होते, मग भिंती चढतात. भाऊजींची सागाची चौकट गोठ्यात पोत्यात गुंडाळून ठेवलेली, आणि जोत्यावर जाऊबाई मिरच्या वाळवायची. येणारा-जाणारा विचारायचा, "काय इंजिनीअर, मिरच्यांले स्लॅब कवा टाकता?" भाऊजी हसून म्हणायचे, "नियोजनात हाये."

प्रबंधाला विषय घेतला तो असा: गावाकडची घरं वेळेवर पुरी का होत नाहीत. हैदराबादच्या कॉलेजातले मार्गदर्शक सर त्यांच्या थोरल्या मुलीच्या वयाचे. त्यांचा फोन आला की भाऊजी खुर्चीतून उठून उभे राहत आणि शर्टाचं वरचं बटण लावत. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती. यंदा प्रबंध गेला नाही तर नावच कापणार होते. तेव्हा भाऊजी गावोगाव फिरले. उशिराची पाच कारणं काढली होती: सिमेंट, पाऊस, मेस्त्री, पैसा, मंजुरी. ज्या कारणानं घर जास्त अडलं त्याला जास्त गुण द्यायचे, पाचापर्यंत. घरोघर चहा पिऊन त्यांना पित्त झालं, पण उत्तरं आली. भाऊजींनी ती कौतुकानं हैदराबादला धाडली.

फोन आला. भाऊजी उठले, बटण लावलं, आणि हळूहळू खाली बसले. सरांनी विचारलं होतं, की सगळ्यांनी सगळ्या कारणांना पाचपैकी पाच कसे दिले? असं तर जगात कुठे होत नाही.

भाऊजी तसेच उठून शेजारच्या गावी एका म्हाताऱ्या काकांकडे गेले. मीही गेले, कारण त्यांचं तोंड मला बरं दिसेना. "काका, तुमच्या घराले सिमेंट तं भरपूर होतं, मंग त्याले पाच काऊन देले?" काका कापसाच्या ढिगावर बसले होते. त्यांना रागच आला. "मंग तुले नापास करू काय? लेका, तू का परका हायेस? एवढ्या उन्हात गुन मागाले आला, तं हात आखडता घेऊ?"

 सगळ्या मुलखानं मिळून भाऊजींना पहिल्या नंबरानं पास केलं होतं, आणि त्यामुळेच ते नापास होणार होते.

परत आल्यावर जेवले नाहीत. मी ओसरीवर सुपात ज्वारी पाखडत होते. ते नुसतेच सुपाकडे बघत बसले. मग एकाएकी हात घालून मूठभर ज्वारी उचलली. "वयनी, गुन द्यायले काय जाते? गुन कोनाच्या बापाचे? पन ज्वारी मोजकी दिली तं?" दुसऱ्या दिवशी पळसाच्या पानांचे, एका कारणाला एक असे, पाच द्रोण लावून भाऊजी निघाले. प्रत्येकाच्या हाती ज्वारीची एकच मूठ, ती पाच द्रोणांत वाटायची. एकात जास्त टाकली तर दुसऱ्यात कमी पडणार. आमची माणसं गुणांच्या बाबतीत कर्ण, पण ज्वारीच्या बाबतीत अगदी चोख. मोठ्या विचारानं दाणा दाणा टाकू लागली.

पण एका आजीनं पाचही द्रोणांत चिमूट चिमूट टाकली आणि मूठ मिटूनच ठेवली. "आजी, बाकीची टाका ना." "कायच्यात टाकू? माह्या घराचं कारन ह्यात नाहीच. पोरगा पुन्यात हाये, सुट्टी नाही भेटून राह्यली. तो आल्याबिगर चौकट कशी लावू? घरच्या समद्यांचा हात लागला पायजे का नाही तिले?"

भाऊजींनी त्या मिटल्या मुठीकडे पाहिलं. मग पिशवीतून सहावा द्रोण काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवला. पुढच्या गावांत तोच द्रोण सगळ्यात आधी भरायचा.

प्रबंध वेळेत गेला. तोंडी परीक्षेला जाऊबाई सोबत गेली होती, तिनं सांगितलं. बाहेरून आलेल्या साहेबांनी विचारलं, "या सहाव्या कारणावर उपाय काय?" भाऊजी म्हणाले, "उपाय नाही सर. पण नियोजनात त्याला जागा ठेवता येते. मी स्वतःच्या घरासाठी ठेवली आहे." साहेबांनी सही केली.

मला तेव्हा कळलं. ती सागाची चौकट आमच्या यांनी, म्हणजे भाऊजींच्या दादानं, स्वतः निवडून आणली होती. "उजवी बाजू मी धरीन," असं म्हणाले होते. जोतं पुरं झालं आणि हे दवाखान्यात गेले, ते परत आले नाहीत. त्यानंतर भाऊजींनी चौकटीचा विषय काढला नाही, आणि आम्हीही त्यांच्या उशिराला हसत राहिलो.

निकाल लागला त्याच महिन्यात जोत्यावरच्या मिरच्या उचलल्या. मुली आल्या, जावई आले, आंब्याच्या पानांचं तोरण झालं. मेस्त्रीनं ओळंबा सोडला. भाऊजी डावीकडे उभे राहिले आणि मला म्हणाले, "वयनी, दादाची बाजू तुमी धरा." मी हळदीच्या हातानं धरली. भिंत नाही, छत नाही, मोकळ्या आभाळात नुसतं एक दार उभं, आणि त्यातून पलीकडचा पांढरा कापूस दिसत होता.

"बसली, आता सोडा," मेस्त्री म्हणाला.

भाऊजींनी सोडली नाही. घड्याळाकडेही पाहिलं नाही. "राहू द्या थोडं," ते म्हणाले, "उशीर झाला तरी चालंन."